जातीचा दाखला जपतो, मग बाळाचे कार्ड का हरवते?

आपल्या बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी किंवा प्लॅस्टिकची फाईल असते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा, जातीचा दाखला, रेशनकार्ड हे सगळे तिच्यात असते. पावसाळ्यात घर गळू लागले की आपण आधी ती फाईल उचलतो. एका कागदावाचून मुलाचा प्रवेश कसा अडतो, शिष्यवृत्ती कशी थांबते, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

पण त्याच घरात बाळाचे लसीकरण कार्ड कुठे आहे असे विचारले, तर शोधाशोध सुरू होते. आम्ही वस्तीतील काही कार्यकर्त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर मातांना कार्डे घेऊन विहारात यायला सांगितले, तेव्हा हेच दिसले. एकीचे कार्ड माहेरी राहिले होते. एकीचे मोरीजवळच्या फळीवर भिजून शाई पसरली होती. एकीच्या कार्डावर पहिल्या तीन भेटींच्या तारखा होत्या, पुढे सगळे कोरे. "सगळे डोस झालेत ताई, नर्सबाईंनीच दिलेत," असे ती खात्रीने सांगत होती. ती खोटे बोलत नव्हती. पण कोणती लस कोणत्या तारखेला दिली हे तिला सांगता येईना, आणि कोणत्याही आईला ते तोंडपाठ असावे ही अपेक्षाच चुकीची आहे. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला, त्रिगुणीचा बूस्टर एवढ्या लसी पहिल्या दोन वर्षांतच येतात. त्यातील बीसीजीची खूण बाळाच्या डाव्या दंडावर राहते. बाकीच्यांची खूण फक्त कागदावर राहते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. लस घेणे हे अर्धे काम. ती घेतल्याची नोंद आपल्या घरात आणि सरकारी दप्तरात, दोन्हीकडे असणे हे उरलेले अर्धे.

नोंद कुठे निसटते ते पाहू. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. बाळाचे जन्मानंतरचे डोस माहेरच्या दवाखान्यात, दीड महिन्याचे माहेरच्या उपकेंद्रात, आणि मग बाळ घेऊन लेक सासरी येते. माहेरच्या नोंदवहीत बाळाचे नाव नसते, 'अमुकचे बाळ' एवढेच असते, कारण नामकरण नंतर होते. सासरच्या आशाताईंच्या यादीत तर हे बाळ नसतेच. इकडे वाटते, डोस तिकडे झाले असतील. तिकडे वाटते, बाळ सासरी गेले, आता ते बघतील. दोन्ही नोंदवह्या आपापल्या जागी बरोबर असतात आणि बाळाचे पुढचे डोस मधल्या मध्ये राहून जातात.

ऊसतोड कुटुंबांचे हाल याहून वाईट. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. कार्ड गावच्या घरात कुलपाआड, बाळ कारखान्याजवळच्या कोपीत. गावी त्याचे डोस 'चुकले' असे लिहिले जाते आणि कारखान्याच्या परिसरात ते कुणाच्याच यादीत सापडत नाही. वीटभट्टीवरच्या आणि शहरातील बांधकामांवरच्या मुलांचीही हीच गत.

यादीत नसणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. आशाताई घरोघर मोजणी करतात. त्यावरून नर्सताई डोस द्यायच्या बालकांची यादी करतात. लसीकरणाचे सत्र कुठे भरवायचे आणि लसी किती मागवायच्या हे त्या मोजणीवर ठरते. उपकेंद्राचा अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जातो, तिथून तालुक्याला आणि जिल्ह्याला. शंभरातील किती बालकांना लस मिळाली ही टक्केवारीही त्याच मोजणीवर उभी असते. जी मुले मोजलीच नाहीत, ती त्या शंभरात धरलीच जात नाहीत. मग अहवालात सारे गाव सुरक्षित दिसते आणि गावाबाहेरच्या पालांवरची मुले उघडी पडलेली असतात. गोवराला थोपवायचे तर शंभरातील निदान ९५ मुलांना दोन डोस मिळालेले असावे लागतात. उरलेली मुले एकाच वस्तीत असतील, तर साथीला तेवढी वस्ती पुरते.

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत हे घडले. गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत गोवराची साथ पसरली, मुले दगावली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. कोरोनाच्या काळात अनेकांचे डोस राहिले होते. ती मुले कोणती, हे शोधण्यासाठी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना तेव्हा दारोदार फिरावे लागले आणि मुलांना जादा डोस द्यावे लागले. जे काम यादीने साथीच्या आधी सांगायला हवे होते, ते साथीने येऊन सांगितले.

खासगी दवाखान्यांची गोष्ट उलटी आहे. आमच्या वस्तीतील एका नोकरदार कुटुंबाने बाळाचे सर्व डोस पैसे देऊन खासगी डॉक्टरांकडे घेतले. त्यांच्याकडे सुरेख रंगीत पुस्तिका होती, पण सरकारी नोंद एकही नव्हती. आशाताई तीनदा घरी आल्या तेव्हा घरच्यांनी "आमचे झाले आहे" म्हणून दारातूनच परत पाठवले. ती पुस्तिका दोन मिनिटे दाखवली असती, तर तारखा उतरवून घेऊन त्या पुढच्या घरी गेल्या असत्या. ज्या घरात खरोखर डोस राहिला आहे, त्या घरासाठी आशाताईंचा तो वेळ होता.

आता दुसरी बाजू. हरवलेल्या कार्डाचा सगळा दोष आईच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. आम्ही सत्रांवर पाहिले आहे. गर्दीत तारीख लिहायची राहून जाते. कार्डे संपलेली असतात म्हणून वहीच्या पानावर लिहून दिले जाते. कार्ड विसरलेल्या आईला सगळ्यांसमोर बोलणी बसतात, मग ती पुढच्या महिन्यात येतच नाही. माता बाल संरक्षण कार्डाचा एक भाग नर्सताईंकडे राहावा अशी रचना मुळातच केलेली आहे, ती याचसाठी की एक प्रत हरवली तर दुसरी हाताशी असावी. तो भाग नीट ठेवणे आणि त्यावरून नवीन कार्ड भरून देणे हे आरोग्य खात्याचे काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा. कार्ड नाही म्हणून कोणत्याही बाळाला लस न देता परत पाठवू नये. हंगाम सुरू होताच कारखान्यांच्या आणि भट्ट्यांच्या जागी मुलांची मोजणी करून तिथेच सत्रे भरवावीत. खासगी डॉक्टरांनी दिलेल्या डोसची नोंद सरकारी यंत्रणेत होईल हे पाहावे. केंद्र सरकारच्या 'यू-विन' या ऑनलाइन व्यवस्थेत बाळाची नोंद झाली, तर पुढच्या डोसची आठवण मोबाईलवर येते आणि प्रमाणपत्रही काढता येते. सोय चांगली आहे. पण घरात एकच मोबाईल, तो वडिलांच्या खिशात, आणि सिमकार्ड दर वर्षी नवीन, अशा घरात ती आठवण आईपर्यंत पोचत नाही. म्हणून मोबाईल आला तरी हातातले कार्ड सुटता कामा नये.

आणि आपण काय करायचे? कार्ड जातीच्या दाखल्याच्या फाईलमध्ये ठेवावे. प्रत्येक डोसनंतर त्याचा फोटो काढून आई-वडील दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. सत्रावरून उठण्याआधी तारीख लिहिली का ते पाहावे आणि नर्सताईंना चार गोष्टी विचाराव्यात: आज कोणती लस दिली, त्रास झाला तर काय करायचे, पुढची तारीख कोणती, पुढचा डोस कुठे मिळेल. बाळाचे नाव ठेवले की ते नोंदवहीत घालून घ्यावे. माहेराहून सासरी, गावाहून फडावर जाताना कार्ड सोबत न्यावे आणि पोचल्यावर तिथल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना बाळ दाखवावे. लसीनंतर बाळाला जास्त त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठावा आणि नर्सताईंनाही कळवावे. तीही एक नोंदच आहे.

कार्ड हरवले असेल तर लाजून घरी बसू नका. राहिलेले डोस जिथे थांबले तिथून पुढे सुरू होतात, पहिल्यापासून सगळे पुन्हा घ्यावे लागत नाहीत. मात्र उशीर करू नका, कारण सरकारी कार्यक्रमात बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. आणि बाळ दोन वर्षांचे झाले म्हणून कार्ड रद्दीत टाकू नका. त्रिगुणीचा दुसरा बूस्टर पाच वर्षांनंतर असतो, धनुर्वात-घटसर्पाचे डोस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी.

विहारांच्या समित्यांना आमची एक विनंती आहे. महिन्यातील एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कार्डांसाठी ठेवा. वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींनी तारखा वाचून पाहाव्यात, कुणाचा डोस राहिला ते आशाताईंना कळवावे. वस्तीत नवीन आलेल्या भाडेकरूंची मुलेही त्यात धरावीत, ती कोणत्याही समाजाची असोत. गोवर जात विचारून येत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद कुणी ठेवली नाही. जन्मतारीख विचारली की 'मोठ्या दुष्काळाच्या साली' असे सांगावे लागे. आपल्या मुलांबाबत तरी असे होऊ नये. आज घरी गेल्यावर ती फाईल उघडा आणि बाळाचे कार्ड तिच्यात आहे का ते पाहा.