पथारी की रस्ता? लहरीपुऱ्याच्या वादात मुद्दा निसटतो कुठे

वडोदरा : लहरीपुरा दरवाजापासून मांडवीकडे जाणारा रस्ता सणासुदीला ओलांडणं म्हणजे दिव्यच. अतिक्रमण हटाव मोहिमेची कुणकुण लागली की इथे पथारीवाले, दुकानदार आणि रहिवासी एकमेकांवर तुटून पडतात. आवाज चढतो, मुद्दा मात्र बाजूला राहतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य : 'एक तर पथारी राहील, नाहीतर रस्ता.' खरं तर दोनच पर्याय आहेत हे कुणी ठरवलं? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिसरा मार्ग दिला आहे. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र आणि ठरवून दिलेली जागा. हे ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही.

दुसरं वाक्य : 'आज दहा बसले, उद्या दरवाजाच गिळतील.' ही घसरगुंडी भीतीवर चालते. कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची मर्यादा आहे. ती पाळली जाते का, हा खरा प्रश्न.

तिसरं उत्तर रहिवाशांना मिळतं : 'तुम्हीही ओढणी पथारीवरूनच घेता की!' घेत असतील. पण त्यामुळे रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही. बोलणाऱ्याकडे बोट दाखवलं म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

चौथं वाक्य सर्वांत नाजूक : 'आमच्या आजोबांपासून आम्ही इथेच बसतो.' नुसतं जुनं आहे म्हणून योग्य, असं होत नाही. पण ५० वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार मानावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं हाच कायदा सांगतो. म्हणजे जुन्या पावत्या, नोंदी काढल्या तर तेच वाक्य भावनेचं न राहता पुराव्याचं होतं. जो फक्त आजोबांची आठवण काढतो तो हरतो. जो कागद ठेवतो त्याला निदान दाद मागता येते.

बेळगावच्या खडेबाजारात किंवा नंदुरबारच्या बाजारपेठेतही हीच वाक्यं ऐकू येतील. भाषा बदलते, चूक बदलत नाही. उचललेली लारी म्हणजे एका घराची त्या दिवसाची चूल. अडलेला रस्ता म्हणजे कुणाचा तरी जीव. दोन्ही खरं असताना 'तू कोण विचारणारा?' याने काहीच सुटत नाही. 'पुरावा काय, आणि तिसरा मार्ग आहे का?' एवढं विचारलं तरी भांडणाची चर्चा होते.