पडत्या बाजारातील उघडे दार

बाजार तेजीत असतो तेव्हा मोठ्या व्यापाऱ्याला लहान माणसाची आठवण होत नाही. मंदी आली, गोदामे ओस पडू लागली, की त्याच लहान माणसाला सन्मानाने बोलावणे जाते. अकोल्याच्या कापूस बाजारात पिढ्यानपिढ्या वावरलेल्या वऱ्हाडी माणसाला हे वेगळे सांगायला नको. संगणकीय खेळांच्या जागतिक बाजारातही हाच न्याय चालतो. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी तो समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘वी यू’ हे दूरचित्रवाणीला जोडून खेळायचे यंत्र बाजारात आणले. आधीच्या ‘वी’ची दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली होती, ‘वी यू’ जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबले. मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली. त्याच काळात या कंपनीने स्वतंत्र कार्यालय असण्याची अट सोडून दिली आणि परवानाधारकांना खेळ बांधण्याची ‘युनिटी’ ही प्रणाली विनामूल्य दिली. लोकवर्गणीतून उभा राहिलेला ‘शॉवेल नाइट’ हा खेळ २०१४ मध्ये या यंत्रावर आला व गाजला. मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स वन’ हे सोनीच्या यंत्रापुढे मागे पडले, तेव्हा दुकानातून विकत घेतलेल्या साध्या यंत्रावरही खेळाची निर्मिती व चाचणी करण्याची सोय २०१६ मध्ये खुली झाली.

आपल्याकडचा अनुभवही बोलका आहे. २००० साली निघालेले ‘प्लेस्टेशन २’ पाश्चात्त्य बाजारात जुने झाले होते, त्या काळी, म्हणजे २००९ मध्ये, हैदराबादच्या कंपनीने घडवलेला हनुमंतावरील खेळ त्यावर आला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्ली-क्रिकेटचा खेळ आणला. मात्र हनुमंतावरील खेळाच्या दर्जावर समीक्षकांनी कठोर टीका केली. दैवताचे नाव घेतले म्हणून कलाकृती आपोआप उत्तम होत नाही; उलट जबाबदारी वाढते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ती ओळखली. २०१७ मध्ये त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी ते डगमगले नाहीत. पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तुकला आणि दुर्गा-विष्णूंचे निवेदन यांतून साकारलेला ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या ‘स्विच’वर झळकला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकित झाला.

पण उघड्या दारातून आत शिरताना परतीची वाटही पाहून ठेवावी लागते. ‘वी यू’चे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले आणि मार्च २०२३ मध्ये त्याचे आंतरजालावरील दुकानही मिटले. केवळ त्या एकाच यंत्राच्या आधारावर राहिलेल्या खेळांची विक्री त्या दिवशी संपली. आपला शेतकरी कपाशीच्या ओळींत तुरीचे तास का घालतो? एक पीक गेले तरी दुसरे हाती राहावे म्हणून. खेळही असाच बांधावा: एका यंत्रावर गर्दी कमी असताना नाव कमवावे, पण तो संगणकावर व इतर यंत्रांवर सहज नेता यावा.

पालकांनीही एक भेद ध्यानी घ्यावा. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झाले. परंतु जुगार वेगळा आणि चित्रकला, संगीत, कथा व गणित यांच्या संगमातून खेळ घडवणे वेगळे. त्याच कायद्याने निर्मळ खेळांना उत्तेजन देण्याचीही भूमिका घेतली आहे. मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसून खेळ ‘घडवत’ असेल, तर त्याला वाया गेला म्हणू नये.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. तेव्हा हाती साधने तुटपुंजी होती. निष्ठा आणि सराव मात्र भरपूर होता. आज साधने घराघरांत आहेत. महाविद्यालयांनी खेळनिर्मितीच्या कार्यशाळा भराव्यात, एखादे यंत्र प्रयोगशाळेत ठेवावे. गावच्या उद्योजकांनी चार-पाच जणांच्या होतकरू गटाला वर्षभराचा आधार द्यावा. पुण्याची गाडी पकडण्यापूर्वी वऱ्हाडच्या तरुणाला आपल्याच गावात पहिला डाव मांडता आला पाहिजे. दार उघडे आहे. ते फार काळ उघडे राहत नाही, हेही बाजाराचेच शहाणपण आहे.