दोष कोणाचा, शिक्षा कोणाला?

एखाद्या संस्थेस उतरती कळा लागली की तिचे खापर प्रथम फुटते ते कर्मचाऱ्यांच्या माथी. ‘काम नको, पगार मात्र हवा’ असा शेरा मारून शहाणी माणसे मोकळी होतात. भारत संचार निगम या सरकारी दूरसंचार कंपनीची वाटचाल पाहिली, तर हा शेरा किती उथळ आहे हे ध्यानात येते.

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्यातून ही कंपनी निर्माण झाली. आमचा गोवाही तिच्या महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. जेथे नफ्याची आशा नव्हती तेथे टेलिफोन नेला तो तिच्याच लाइनमननी. परंतु मोबाइलचे युग आले आणि निर्णय खोळंबू लागले. ९ कोटींहून अधिक जोडण्यांची निविदा २०१० साली रद्द झाली. २०१६ साली खाजगी कंपन्यांत फोर-जीची चढाओढ लागली, तेव्हा निगमचे हात रिकामे होते. २०२० साली फोर-जीची निविदाही रद्द झाली. देशभरच्या सेवेचे उद्घाटन होण्यास २७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. स्वदेशी यंत्रणेचा आग्रह आम्हांस मान्य आहे. पण त्या विलंबाची किंमत कोणी मोजली?

फेब्रुवारी २०१९ चा पगार सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना वेळेवर मिळाला नाही. उत्पन्नाचा मोठा हिस्सा पगारातच जातो, अशी ओरड त्याच काळात झाली. पण उत्पन्न घटले की पगाराचे प्रमाण आपोआप फुगते, हे साधे अंकगणित मात्र कोणी सांगितले नाही. उत्पन्न का घटले, हा प्रश्न वरच्या मजल्यावर विचारावयाचा होता. तो खालच्या मजल्यावर विचारला गेला. पुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून अधिक माणसे एकाच दिवशी बाहेर पडली. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठीच ती योजना असल्याने त्यांच्याबरोबर अनुभवही गेला. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला दुप्पट काम आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेली वेतनसुधारणा आली.

कर्मचारी सारे धुतल्या तांदळासारखे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. बंद पडलेल्या फोनसाठी कचेरीचे उंबरठे झिजवलेल्या ग्राहकांचा संताप खोटा नाही. परंतु ज्याच्या हाती ना साहित्य, ना अधिकार, त्याने ग्राहकाला काय उत्तर द्यावे? रोज ओशाळवाणे उत्तर देणारा माणूस हळूहळू उत्तर देणेच सोडतो. त्यालाच आपण आळस म्हणतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

सतरा वर्षांनंतर ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत निगमला २६२ कोटींचा नफा झाला. पण एप्रिल ते जून २०२५ मध्ये पुन्हा तोटाच पदरी आला. मनोरे उभारण्यास पैसा लागतो व सरकारने तो दिला आहे. माणसांचा विश्वास मात्र पैशाने उभा राहत नाही. निर्णय वेळेवर घ्यावा, चुकल्यास घेणाऱ्याने तो आपल्या नावावर मांडावा, आणि तारा जोडणाऱ्या माणसाला तो निर्णय आधी कळावा, एवढेच आमचे मागणे आहे. ते मानले नाही, तर नव्या मनोऱ्यांखाली जुनीच निराशा नांदेल, आणि तिची झळ अखेर जनतेलाच सोसावी लागेल.