नुसत्या चिलखताने भागणार नाही



गडचिरोली जिल्ह्यात जांभूळखेड्याला नक्षलवाद्यांच्या सुरुंगस्फोटावेळी (१ मे २०१९) चिलखती गाडी असती तर १५ पोलीस आणि चालक वाचले असते, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे अपुरे आहे. नक्षलवाद्यांनी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने आधी जाळली; पोलीस तिकडे धावणार, हे उघड होते. सुरुंग खासगी गाडीखाली फुटला, हे खरेच. पण १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ सुरुंगरोधक गाडीच उडवली गेली, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ९ जवान गेले. पत्रा जाड झाला की पुरणारे स्फोटके वाढवतात. मग चिलखत नकोच का? हवे, लहान स्फोटात ते जीव वाचवते. मात्र वाट तपासल्याशिवाय जवानांना कोणत्याच गाडीत बसवू नये, ही गृहखात्याला कळकळीची विनंती.

— एक वाचक, खर्डा (ता. जामखेड, जि. अहिल्यानगर)