सन्मान वावरापर्यंत पोहोचावा

आज १४ जानेवारी. खान्देशात घरोघरी संक्रांतीचे तीळगूळ वाटले जात आहेत, दोंडाईच्यात गच्च्यांवर पतंगांची काटाकाटी रंगली आहे आणि गावाबाहेरच्या वाळवणीच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचा सडा पडलेला आहे. आजचाच दिवस देश सशस्त्र दलांचा माजी सैनिक दिन म्हणूनही पाळतो. स्वतंत्र भारताच्या सेनेचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस ठरला. जिल्ह्याच्या ठिकाणी पुष्पचक्र वाहिले जाईल, शाल-श्रीफळ होईल, भाषणे होतील. हे सगळे व्हायलाच हवे. मात्र ज्यांच्यासाठी हा दिवस आहे त्यांतले कितीतरी जण या घडीला वावरात असतील. कुणी हरभऱ्याला पाणी भरत असेल, कुणी कापसाची शेवटची वेचणी उरकत असेल, कुणाचा मिरचीचा तोडा चालू असेल. सीमेवरून परतून शेतात उतरलेल्या या माणसाकडे समाजाने आणि सरकारने नीट पाहावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

खान्देशातला जवान अठरा-एकोणीस वर्षांचा असताना भरती होतो आणि पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. तो परततो त्या दिवशी गाव रस्त्यावर उतरते. उघडी जीप, ढोल-ताशे, दारात औक्षण, आईच्या डोळ्यांत पाणी. हुद्दा नाईक असो की हवालदार, गाव त्याला ‘मेजर’च म्हणते. दुसऱ्या दिवशी नाव आणि नंबर रंगवलेली काळी ट्रंक माळ्यावर चढते आणि मेजर बांधावर जाऊन उभा राहतो. आपल्या वाट्याला आलेली जमीन किती, विहिरीला पाणी किती, सोसायटीचे कर्ज किती, हा हिशेब तिथून सुरू होतो. नोकरी संपलेली असते आणि आयुष्याचा अर्धा भाग अजून पुढे असतो.

मधल्या काळात शेती त्याच्यासाठी थांबलेली नसते. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याआधी भरती झालेला जवान वडिलांच्या हातची कापसाची शेती डोळ्यांसमोर ठेवून गेला होता. परतला तेव्हा बियाणे बदललेले, खताचा डोस बदललेला, मजुरीचा दर बदललेला आणि पाण्याची पातळी खोल गेलेली. नवी शेती अंगवळणी पडते न पडते तोच २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला. सियाचीन, कारगिल किंवा काश्मीरच्या खोऱ्यात नोकरी केलेल्या माणसाला शत्रू कुठून येणार याचे प्रशिक्षण मिळालेले असते. बोंडाच्या आत बसलेली अळी, आडत्याचा भाव आणि हुकलेला पाऊस यांच्याशी लढण्याचे शिक्षण त्याला कुणी दिलेले नसते. तरीही तो उभा राहतो. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा थंडीत उठून पाणी भरायला जाणे त्याला जड जात नाही, कारण रात्रीच्या पहाऱ्याची सवय असते. पाइपलाइन सरळ, अवजारे जागच्या जागी, खर्चाची वही रोजच्या रोज. फौजेची शिस्त शिवारात उतरलेली कुठेही ओळखू येते.

ही शेती कशाच्या आधारावर तगली, हे एकदा स्वच्छ सांगितले पाहिजे. आपला शिंदखेडा तालुका अवर्षणप्रवण. दोन पाऊस चुकले की हंगाम गेला. अशा कोरडवाहू भागात माजी सैनिकाची शेती टिकली, कारण दर महिन्याला खात्यावर पेन्शन येत होती. बियाणे त्यातून आले, ठिबकच्या नळ्या त्यातून आल्या, पीक बुडाले त्या वर्षी मुलांची फी त्यातूनच गेली. शेजारच्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागले तेव्हा मेजरला जावे लागले नाही, यामागे त्याचे कर्तृत्व जितके आहे तितकाच हा महिन्याचा आधारही आहे. देशाने दिलेली पेन्शन जिरायती जमिनीत मुरत राहिली.

सरकारी कागद मात्र ही गोष्ट उलटी वाचतो. पंतप्रधान किसान सन्मान निधीत वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. मासिक निवृत्तिवेतन दहा हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर काही कनिष्ठ श्रेणी वगळता तो शेतकरी अपात्र ठरतो. सहा हजारांचा प्रश्न फार मोठा नाही. गरजूंना आधी मिळावेत, यालाही कुणाचा विरोध नसावा. पण नियमामागची समजूत तपासायला हवी. पेन्शन आहे म्हणजे शेती जोडधंदा, असे ती मानते. प्रत्यक्षात सूर्य उगवायच्या आधी बांधावर पोहोचणारा हा माणूस पूर्णवेळ शेतकरी असतो. सैनिक कल्याणाच्या कार्यालयात तो फक्त माजी सैनिक, कृषी कार्यालयात फक्त पेन्शनर. त्याच्या शेतीची जबाबदारी या दोन दारांच्या मध्ये पडून राहते. दोंडाईच्याहून धुळ्याला एका दाखल्यासाठी जायचे म्हटले तरी अख्खा दिवस मोडतो, आणि ऐन तोड्याच्या दिवसांत तो परवडत नाही.

या कहाणीत आणखी एक व्यक्ती आहे आणि ती सत्काराच्या स्टेजवर क्वचितच दिसते. जवान सीमेवर असताना शेत कुणी केले? त्याच्या बायकोने. सासू-सासऱ्यांचे दुखणे, मुलांची शाळा, मजुरांची जमवाजमव, रात्रीचे पाणी, बाजार समितीतला काटा, हे सगळे तिने सांभाळले. तो वर्षातून दोन वेळा सुट्टीवर येई, तेव्हा कुठे थोडा हातभार लागे. तो कायमचा परतला तेव्हा शेतीतली अनुभवी व्यक्ती तीच होती. पेरणीचा अंदाज, मजुराशी बोलणी, व्यापाऱ्याची पारख तो तिच्याकडून शिकला. तरी सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम उभारून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. पुढे १९९२ मध्ये राज्य सरकारनेही पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट खुली केली. ही वाट आजही आहे. माजी सैनिक दिनाचा संकल्प करायचा तर प्रत्येक फौजी घराने यंदा तलाठ्याकडे हा एक अर्ज द्यावा. देशाने त्याच्या सेवेची नोंद ठेवली, तशी तिच्या सेवेची नोंद घराने ठेवावी.

सैनिक शेतीत काय करू शकतो, याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण राळेगणसिद्धीचे. अण्णा हजारे सैन्यात वाहनचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर ते मरणाच्या दारातून परतले आणि १९७५ मध्ये निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या आपल्या दुष्काळी गावी आले. त्यांना संसार नव्हता, हा फरक ध्यानात घेऊनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी सुरुवात पाण्यापासून केली. पावसाचे पाणी शिवारात अडवले, नाल्यांवर बांध घातले, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना गावाने आवर घातला, श्रमदान झाले. पुढच्या त्यांच्या आंदोलनांबद्दल मतभेद असू शकतात. राळेगणच्या विहिरींना पाणी आले, याबद्दल नाहीत. एका माणसाची फौजी शिस्त गावाची शिस्त बनली, म्हणून ते साधले.

पाण्यासाठी आपल्याला राळेगणपर्यंत जायचीही गरज नाही. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून, त्यांवर बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने गावाने डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. गवत आले, माती थांबली, पाणी मुरले. आपल्याकडे मालपूरचा अमरावती प्रकल्प आहे, तापीवर सारंगखेडा आणि सुलवाडे बॅरेज आहेत. सुलवाडे-जामफळ उपसा योजनेचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. तापी तालुक्याच्या कुशीतून वाहते, मुडावदला पांझरा तिला मिळते, आणि वरच्या अंगाची शिवारे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. नदीतले पाणी वावरात चढवणे हे या भागातले सर्वांत मोठे सैनिक कल्याण ठरेल, आणि ते शेजारच्या प्रत्येक शेतकऱ्याचेही कल्याण असेल.

हे सगळे आजच निकडीने लिहिण्याचे कारण अग्निवीर. जून २०२२ मध्ये अग्निवीरांच्या भरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. पहिली तुकडी जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला गेली. सेवेची मुदत चार वर्षे, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान नियमित सेवेत आणि उरलेले घरी. हाती येणारा सेवानिधी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, पेन्शन नाही. योजना बरी की वाईट, हा वाद होत राहील. आमच्यापुढचा प्रश्न सरळ आहे. आजवर परतणारा जवान पस्तिशीचा होता आणि त्याच्यामागे पेन्शन होती. आता परतणारा जेमतेम पंचविशीतला असेल. काहींना पोलीस दलात, सुरक्षा दलांत जागा मिळतील. बाकीचे वडिलांच्या तुकडाभर जमिनीवर येऊन उभे राहतील. विहीर, ठिबक आणि एक फसलेला हंगाम, एवढ्यात सेवानिधी सहज संपू शकतो. ज्या आधारावर फौजीची शेती आजवर तगली, तो आधारच या मुलांना नसेल.

जगाने हा अनुभव घेतलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने परतलेल्या सैनिकांना जमिनी देऊन शेतीवर बसवले. हजारोंची शेती बुडाली. १९२९ मध्ये न्यायमूर्ती पाइक यांच्या चौकशीत कारणे पुढे आली: भांडवल अपुरे, जमिनीचा तुकडा कुटुंब पोसायला लहान, शेतीचा अनुभव वा वकूब नसलेली माणसे आणि कोसळलेले भाव. शंभर वर्षांपूर्वीची ही यादी शिंदखेड्याच्या कुठल्याही पारावर वाचून दाखवावी, माना डोलतील. त्याच काळात पंजाबात ब्रिटिशांनी आधी कालवे काढले आणि त्या पाण्याखालच्या वसाहतींत सैनिकांसाठी जमिनी राखून ठेवल्या. राजवटीचा हेतू स्वार्थी होता, तरी क्रम बरोबर होता. आधी पाणी, मग माणूस.

म्हणून काही मागण्या नेमकेपणाने मांडाव्या लागतील. राज्याच्या सरकारी जमिनींच्या वाटपाच्या १९७१ च्या नियमांत माजी सैनिक पात्र आहेत. प्रलंबित अर्जांचा निकाल ठरावीक मुदतीत लावावा आणि जमीन देताना तिथे पाण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. सैनिकाच्या शेताची मोजणी, हद्द आणि रस्त्याची प्रकरणे तहसीलदारांनी अग्रक्रमाने मिटवावीत; सीमेवर असलेला माणूस बांधावरच्या भांडणाच्या तारखांना हजर राहू शकत नाही. धुळ्याला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. परतणाऱ्या प्रत्येक जवानासाठी तिथे एका हंगामाचे, प्रत्यक्ष शेतावरचे प्रशिक्षण असावे, आणि त्याच्या बायकोला त्यात बरोबरीची जागा असावी. सैनिक कल्याण कार्यालय आणि कृषी विभाग यांनी महिन्यातून एक दिवस दोंडाईच्यात एकत्र बसावे.

पुढची गोष्ट बाजाराची, आणि ती आपल्या हातातली. दोंडाईच्याची ओळख मिरचीची. शेतकरी ओली लाल मिरची तोडतो, व्यापारी घेतो, पथारीवर पसरतो. आठवडे-पंधरवडे ऊन दाखवत ती उलथीपालथी केली जाते, बाया दिवसभर बसून देठ खुडतात. हातांची आग रात्रीपर्यंत जात नाही. मग मिरची साठवणीत जाते, दळली जाते आणि पूड होऊन दूरच्या बाजारात पोहोचते. तोड्यापासून पुडीपर्यंत जी किंमत वाढते, तिच्यात पिकवणाऱ्याचा वाटा फारसा नाही. अवकाळी पाऊस पथारी भिजवतो त्या वर्षी तर सगळ्यांचेच नुकसान. माजी सैनिकांनी शेजाऱ्यांना सोबत घेऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढली, स्वतःची पथारी, ती झाकायची सोय आणि दळणाची गिरणी उभी केली, तर हिशेब बदलेल. हिशेब ठेवणे, साठा सांभाळणे, ठरलेल्या वेळी ठरलेला माल पोहोचवणे ही कामे फौजेने त्यांना शिकवलेलीच आहेत. बँकांनी अशा कंपन्यांना भांडवल द्यावे. त्यांत अग्निवीरांसाठी जागा ठेवावी.

समाजासाठी मागणे याहून सोपे आहे. मेजरची मिरवणूक काढणाऱ्या गावाने त्याला पहिली दोन-तीन वर्षे एकटे पडू देऊ नये. माणसांची सवय मोडलेली असते, जुने मित्र पांगलेले असतात, घरातल्या वाटण्यांचे विषय निघालेले असतात. मनात साठलेले सगळेच बोलता येत नाही. काही जण त्या काळात व्यसनाकडे वळतात. पाणीवाटप असो, शाळेची समिती असो की विकास सोसायटी, गावाने त्याच्यावर काम सोपवावे. जबाबदारी सांभाळण्यातच त्याचे तारुण्य गेले आहे. तीच त्याला पुन्हा उभे करते.

आजच्या शाल-श्रीफळाला आमचा मनापासून नमस्कार आहे. ज्यांनी देशासाठी ऐन उमेदीची वर्षे दिली, त्यांच्यासाठी एक दिवस फार नाही. पण ज्या जवानाला आपण आज हार घालू, त्याच्या शेताला या उन्हाळ्यात पाणी आहे का, त्याच्या बायकोचे नाव सातबाऱ्यावर आहे का, त्याच्या मिरचीला रास्त भाव मिळतो का, हे प्रश्न लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी स्टेजवरून उतरण्याआधी विचारावेत. उत्तरे मिळतील, आणि त्यांतूनच पुढच्या वर्षीची कामे ठरतील. अग्निवीर घरी परततील तेव्हा गावाने त्यांच्या हातात गुलालाबरोबर पाण्याची आणि कामाची हमीही ठेवावी. ती तयारी आजपासून सुरू झाली पाहिजे.