आरोग्य विम्याची वजावट किती दाखवावी?

प्रश्न : मी रायपूरच्या एका खासगी शाळेत शिक्षिका आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये स्वतःच्या, पतीच्या व मुलाच्या आरोग्य विम्याचा २२,००० रुपयांचा हप्ता मी धनादेशाने भरला. नागपूरला राहणाऱ्या माझ्या आईवडिलांचा (वय ६३ व ६७) ४१,००० रुपयांचा आणि सासू-सासऱ्यांचा ३०,००० रुपयांचा हप्ताही माझ्याच खात्यातून गेला. आम्हा पतिपत्नींच्या आरोग्य तपासणीला ४,००० रुपये रोख लागले. एक परिचित म्हणतात, ''सरळ ७५,००० दाखवा, कोणी पाहत नाही.'' काय करावे?

उत्तर : परिचितांचा सल्ला मुळीच मानू नका. कलम ८० डी प्रमाणे तुमचा हिशेब असा होतो :

स्वतः, पती व मुले यांच्यासाठी मर्यादा २५,००० रुपये आहे. तपासणीचा खर्च ५,००० पर्यंत धरता येतो, पण याच मर्यादेत. म्हणून २२,००० अधिक ३,००० एवढेच. तपासणीचे पैसे रोख दिलेले चालतात, हप्ता मात्र रोख भरलेला चालत नाही.

आईवडिलांसाठी मर्यादा वेगळी आहे. ते साठीच्या पुढचे असल्याने ती ५०,००० होते आणि ते तुमच्यावर अवलंबून असण्याची अट नाही. म्हणून ४१,००० पूर्ण धरा.

सासू-सासरे मात्र तुमच्या वजावटीत येत नाहीत. पुढे तो हप्ता पतीने आपल्या खात्यातून भरावा, म्हणजे तो त्यांना दाखवता येईल.

एकूण ६६,००० रुपये. विवरणपत्रात विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांकही भरावे लागतात. पावत्या जपून ठेवा.

ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. आपण निवड केली नाही, तर नवी पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास विवरणपत्र मुदतीतच भरायला हवे. पगारदारांसाठी ही मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. उशीर झाला, तर वजावटही जाते.

पण त्याआधी दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहा. पगाराखेरीज दुसरे उत्पन्न नसेल आणि वर्षाचा पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल, तर नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी कर शून्य येतो. मग वजावटीची गरजच उरत नाही.

कोणी पाहत नाही, हेही खरे नाही. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने खोट्या वजावटींसाठी देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. त्यात ८० डी ची वजावटही होती. खोटा आकडा दिल्यास कर व व्याज भरावे लागतेच, शिवाय बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. विवरणपत्र तुमच्या नावाचे असते, तेव्हा उत्तरही तुम्हालाच द्यावे लागेल. परिचितांना कोणी विचारणार नाही.

आणि करात सूट मिळो वा न मिळो, विमा बंद करू नका. तो आजारपणासाठी घेतलेला आहे.