स्टिक वाय-फाय का सोडते?

मालिका रंगात येते, नेमकं तेव्हाच चक्र फिरू लागतं आणि आजी ‘राहू दे रे’ म्हणत उठून जाते. नेटवाल्याला फोन लावण्याआधी टीव्हीच्या मागे डोकवा. स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचली असेल तर काढा आणि सोबत आलेल्या अडॅप्टरला लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. स्टिकला बहुधा जास्त लागतात. वीज कमी पडली की ती मधेच बंद होऊन सुरू होते आणि बोल वाय-फायला लागतो.

शिवाय टीव्हीच्या पाठीला चिकटल्यावर सिग्नल अडतो. वीतभर एचडीएमआय एक्स्टेंशन लावून तिला बाजूला काढा. इंदुरात जुन्या घरांच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ धड पोचत नाही, तिथे २.४ बरा. फ्लॅटमध्ये मात्र शेजाऱ्यांचीही गर्दी २.४ वरच असते. तेव्हा राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा असेल तो निवडा.

फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी. कुठलं लॉगिन कोणाच्या नंबरवर, हे शोधण्यातच रविवार जातो.